सुपातले पत्ते

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागून घेतो. असं काही लिहिणाऱ्यांच्या घरात पुस्तकांचं कपाट असावं, निदान चार जुने दिवाळी अंक तरी असावेत, असं मला वाटतं. आमच्या घरात छापील म्हणावं असं म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर, आरत्यांचं पातळ पुस्तक आणि आम्हा भावंडांची शाळेची पुस्तकं. कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिलाच. त्यामुळं एक वाक्य लिहिलं की हे आपल्याला शोभतं का, असं वाटून मी ते खोडतो, आणि परत तेच लिहितो. त्यातून मला लिहायचंय ते पत्त्यांबद्दल. पत्ते म्हटलं की आमच्या गल्लीत माणसं आधी दाराकडं बघतात. तेव्हा लिहिण्याबद्दल आणि विषयाबद्दलही वाचकांनी सांभाळून घ्यावं.

निमित्त असं झालं, की परवा आईनं माळ्यावरचं सूप खाली काढलं. होळी होऊन गेलीय. दुपारी घरावरचा पत्रा तापून आपोआप टण्‌ टण्‌ वाजायला लागलाय. माठाखाली ओलं पोतं आलंय. सोलापुरात उन्हाळा आला हे कुणी सांगावं लागत नाही, बाराच्या पुढं रस्ताच सांगतो. रस्त्यावर एखादं कुत्रंसुद्धा सावली मोजून चालतं. आईनं सूप पदरानं पुसलं, मध्ये ठेवलं, आणि त्यातल्या पत्त्यांचा तो जुना वास, थोडा शाईचा, थोडा डब्याच्या गंजाचा, खोलीभर झाला. मला एकदम गेल्या उन्हाळ्यात गेल्यासारखं झालं.

हे पत्ते म्हणजे इस्पिक-बदाम नव्हेत. पूनम, माझी धाकटी बहीण, प्राथमिक शाळेत असताना अप्पांनी मंगळवारच्या जुन्या बाजारातून बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा आणला होता. आत रंगीत पत्ते भरलेले. प्रत्येकावर कसलंतरी जनावर नाहीतर राक्षस, कोपऱ्यात आकडे, खाली बारीक इंग्रजी. विकणाऱ्याला ती पोरांची चित्रं वाटली, अप्पांनाही. वह्यांना चिकटवायला होतील म्हणून आणली. एका मित्राच्या फोनवर शोधल्यावर मला कळलं, की हा खेळ आहे. ज्याच्या त्याच्याकडं असलेल्या ढीगभर पत्त्यांतून ज्यानं त्यानं आपले चाळीस निवडायचे, त्यांचा आपला डेक बांधायचा आणि समोरच्याच्या डेकशी लढवायचा. शिवाय नवीन पत्त्यांची बंद पाकिटंही मिळतात. आत काय निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. दिवाळीला फटाक्यांऐवजी एकेक पाकीट, असं मग आमच्याकडं ठरूनच गेलं.

डेक हा शब्द आईच्या तोंडात कधी बसला नाही. ती म्हणाली, ही तर मेथीसारखी जुडी. तेव्हापासून आमच्या घरात जुडीच. पत्त्यांवरची इंग्रजी नावं कुणाला वाचवेनात, तेव्हा ती पण आईनंच ठेवली. काळा रेडा. वीजवाली बाई. लंगडा बगळा. गोगलगाय. वारूळ. खऱ्या खेळात त्यांना काय म्हणतात ते मी नंतर वाचलं, पण ती नावं मला पाहुण्यासारखी वाटतात. जुडीत न घेतलेले पत्ते सुपात राहायचे. जात्यातले आणि सुपातले, असं आई म्हणायची. जुडीतल्यांना लढून मरायचं होतं, सुपातले मजेत.

उन्हाळ्याच्या दुपारी दुसरं काय करणार? वीज गेलेली असायची, अप्पांची पाळी रात्रीची असली तर तेही घरी. चादर अंथरायची, मध्ये सूप, आणि चौघं चार बाजूंनी. आई पत्ते निवडायची ते तांदळातले खडे काढावेत तशी, मान खाली, बोटं चालू, तोंडानं कुणाच्या तरी लग्नाची गोष्ट. पूनमला फक्त दात दाखवणारे पत्ते लागायचे. वीज गेली की ती मुद्दाम वीजवाली बाई टाकायची आणि छताकडं बघायची. आणि कधी खरंच वीज आली तर पंचाईत, कारण पंखा सुरू झाला की सगळे रेडे आणि बगळे घरभर उडायचे. घामाघूम होऊन खेळायचं की वाऱ्याला बसून पत्ते गोळा करायचे, यावर आमच्याकडं दरवर्षी भांडण झालेलं आहे.

घरमालकीण काकूंना बरेच दिवस संशय होता. भिंतीपलीकडून त्यांना आईचा आवाज यायचा, "माझा रेडा मारला की वो ह्यांनी." एकदा त्या शहानिशा करायलाच आल्या, दारातच थबकल्या आणि सुपाकडं बघत राहिल्या. आईनं त्यांना बसवून चहा दिला आणि एक गोगलगाय हातात दिली. काकूंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, ह्यात जुगार कुठंय? आवाजात थोडी निराशाच होती.

खरा गमतीचा भाग म्हणजे जुडीवरून माणूस कळायचा. माझी जुडी संथ. गोगलगाई, कासव, आणि माझं लाडकं वारूळ. वारुळाचा नियम असा, की ते मांडून नुसतं राहू द्यायचं. प्रत्येक चालीला त्याची ताकद वाढत जाते. पण एकदा त्यानं हल्ला केला की ते मोडतं, संपतं. मी ते मांडायचो आणि वाट बघत बसायचो. बहुतेक वेळा वाट बघता बघता पूनमचे दातवाले येऊन मला खाऊन जायचे. अप्पा हसायचे. म्हणायचे, ह्याचं वारूळ वाढंस्तवर आमचं पोरगं म्हातारं व्हतंय.

अप्पांची जुडी कशी होती, हे मात्र त्या वेळी मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ते सगळ्यांत शेवटी निवडायचे आणि सगळ्यांत आधी हरायचे. त्यांना खेळ नीट कळलेला नाही, अशी आम्हा भावंडांची समजूत होती.

अप्पा टॉवेलच्या कारखान्यात मागावर. मूळ गाव मोहोळच्या पलीकडं, पण माझा जन्म हितलाच. ते घरी आले की केसांत, भुवयांत, कानांवर सुताची पांढरी तुसं असायची. लहानपणी मला वाटायचं, बाप लोकांचे केस संध्याकाळी पांढरे होतात आणि आंघोळ केली की परत काळे. जुड्या बांधायला लागणाऱ्या पट्ट्याही तिथल्याच, टॉवेलच्या कापून टाकलेल्या किनारी. अप्पांची लाल, आईची हिरवी, पूनमची पिवळी, माझी पांढरी. घरात एक रीत पडून गेली होती. कुणी आपली जुडी पट्टीनं बांधली, की त्याचा खेळ संपला. मग त्याला "अजून एक डाव" म्हणायचं नाही. तो उठणार.

गेल्या वर्षी होळीच्या आधी कारखाना बंद झाला. बंद होणार, होणार असं वर्षभर चाललंच होतं. माग भंगारात गेले त्या दिवशी अप्पा बघायला गेले होते. आल्यावर हातपाय धुऊन नुसतेच बसले. त्यांच्या केसांत एकही तूस नव्हतं. मला तेच चुकल्यासारखं वाटत राहिलं.

भिवंडीला माणसं लागत होती. अप्पांनी जायचं ठरवलं, आणि निघायच्या आदल्या दिवशी उंबऱ्यावर बसून, माझ्याकडं न बघता, आईला म्हणाले, "पाऊस पडायच्या आत ठरवू. तितं बस्तान बसलं तर समद्यांनी तिकडंच जायचं. पोराला बी माझ्यासंगं मागावर घेत्यात." आईनं त्यांची पिशवी उलटी करून झटकली. त्या वेळी मी पहिल्या वर्षाला होतो, परीक्षा तोंडावर आलेली. ते चुकीचं काही बोलत नव्हते, हीच अडचण होती. चूक असती तर वाद घालता आला असता. मी आत जाऊन पुस्तक उघडलं आणि एकच पान बराच वेळ वाचलं.

आईचं एक आहे. घरातलं माणूस लांब निघालं की ती सगळं धुते. कपडे, पिशवी, पिशवीचा बंद, चपला. मळ घेऊन वाट चालू नये, असं तिच्या माहेरचं म्हणणं. त्या दिवशी अप्पा म्हणाले, माझी जुडी पण टाक पिशवीत, खोलीवर माणसं असतील, शिकवीन. झालं. आईनं जुड्या सोडल्या आणि पट्ट्याही धुवायला घेतल्या. लाल आणि पांढरी एकाच बादलीत. लाल किनार कच्च्या रंगाची निघाली. वाळल्यावर दोन्ही पट्ट्या सारख्याच गुलाबी. जन्म टॉवेलात गेलेल्या माणसाच्या घरात हे व्हावं, यावर अप्पा त्या घाईतही हसले होते. म्हणाले, "आपल्याच कारखान्याचा रंग. बंद पडणारच की तो." आईनं अंदाजानं जुड्या बांधल्या आणि एक त्यांच्या पिशवीत ठेवली.

दोन दिवसांनी फोन आला. पोचल्याचं, जेवणाचं, खोलीचं सांगून झालं, आणि मग अप्पा म्हणाले, "आरं, जुडी सोडली तर तुझी गोगलगाय निघाली की. ही माझी न्हाय." मी आमच्याकडची सोडून पाहिली. अप्पांची होती. आई कपाळाला हात लावून बसली. पाठवून देऊ का, कुणी जाणारं येणारं बघू का, असं मी विचारलं. पलीकडं मागांचा खडखडाट ऐकू येत होता. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तू माझी खेळ, मी तुझी खेळतो."

असा तो डाव सुरू झाला. उन्हाळाभर एकच डाव. पाळीवर जायच्या आधी अप्पा एका पत्त्याचा फोटो पाठवायचे, संध्याकाळी मी माझा. रोज एकेक चाल. मांडामांड लोखंडी पेटीवर. अप्पा खेळत होते ते पत्ते तर आमच्याकडं नव्हते, म्हणून पूनमनं त्यांच्या जागी चिंचोके ठेवले. अप्पांनी सुरुवातीलाच वारूळ मांडलं होतं. त्याची ताकद रोज वाढायची, तसा पूनम रोज त्या ठिकाणी एक चिंचोका वाढवायची. पेटीवर काहीही ठेवायचं नाही, पेटी उघडायची नाही, असं फर्मान निघालं. आईचं लुगडं आत अडकलं तर ती शेजारणीचं नेसून लग्नाला जाऊन आली, पण पेटी उघडली नाही.

अप्पांची जुडी मी त्या दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिली. एकेक पत्ता चादरीवर लावत गेलो आणि काहीतरी ओळखीचं वाटू लागलं. लंगडा बगळा. हा पूनमच्या पाकिटात निघाला होता, एका दिवाळीला. एवढं पाकीट फोडून लंगडा निघाला म्हणून ती रडली होती आणि तिनं तो सुपात भिरकावला होता. फाटक्या कानाचा ससा, तो माझा. मीच नको म्हणून टाकलेला. आईनं खड्यासारखे काढून टाकलेले दोन बेडूक. चाळीसच्या चाळीस आम्ही नको म्हटलेले पत्ते. आमच्या निवडी झाल्या की सुपात जे उरायचं त्यातून अप्पा आपली जुडी बांधत होते, इतकी वर्षं, आणि आम्ही म्हणत होतो, ह्यांना खेळ कळत नाही.

नुसते टाकाऊच असते तर मी एवढं लिहिलं नसतं. त्यांत मधून मधून ढाली होत्या. ढालीच्या पत्त्याला स्वतःची ताकद नसते. तो शेजारच्या पत्त्यावरचा वार आपल्यावर घेतो. चौघं खेळताना ढाल कुणाच्याही पत्त्याशेजारी ठेवता येते. मग मला आठवायला लागलं. आईचा रेडा मरायला टेकला की अप्पांची ढाल यायची. पूनमचे दातवाले वाचायचे. माझं वारूळ दोन-तीनदा खूप वाढलं होतं, जिंकलोही होतो मी, ते कुणाच्या ढालीमागं वाढलं होतं, हे मी कधी बघितलंच नव्हतं. आता ती जुडी मी एकटा खेळत होतो आणि तिचं काहीच चालत नव्हतं. ढाल ठेवायची कुणाशेजारी? ती एकट्यानं खेळायची जुडीच नव्हती. आणि ती बांधणारा माणूस तिकडं एका खोलीत, अनोळखी माणसांत, एकटा जेवत होता. त्या दुपारी मी अभ्यासाला बसलो ते नुसताच बसलो.

तर असा तो डाव. माझ्याकडं मारायला काही नाही, आणि अप्पा वारूळ वाढवत बसलेले. पूनम वैतागली. म्हणाली, "दोघंबी नुसतं बसून ऱ्हायलाय. ह्याला काय खेळ म्हणत्यात व्हय?" पण मला मधून मधून अप्पांचं आश्चर्य वाटायचं. वाट बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. माग थांबला की ते उभ्या जागी हलायला लागायचे. आता वारूळ एवढं झालं होतं की एका हल्ल्यात मी संपलो असतो. रोज वाटायचं, आज येणार. आणि रोज फोटो यायचा तो एखाद्या कासवाचा.

मे महिना तसाच तापत गेला. आमच्या शेजारी नरसय्या काका राहतात, तेही मागावरचेच, घरात तेलुगू आणि गल्लीत मराठी. अक्कलकोट रस्त्याकडं टॉवेलचं एक नवीन युनिट सुरू होतंय आणि तिथं जुनी माणसं हवीत, असं त्यांनी आईला सांगितलं. अप्पांचं नाव त्यांनी परस्परच घातलं होतं. होकार येतो का नाही, ते काही कळत नव्हतं. काका रोज संध्याकाळी दारावरून जाताना नुसती मान हलवायचे, नाही म्हणून. आई त्यांना बघून आत जायची. एकदा काका थांबले आणि मला म्हणाले, "तू परीक्षा लिही रे बाबू. मान हलवायचं काम माझ्याकडं हाय." मी लिहीत होतो. प्रत्येक पेपरला बाकावर बसताना एकच विचार यायचा, की हे बाक आता शेवटचं. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर नाव घालताना मी ते फार जपून, वळणदार घालायचो.

आज हे लिहिताना पलीकडं पूनम सुपातले पत्ते उलटे करतेय आणि त्या दोन पट्ट्या तिच्या मांडीवर पडल्या आहेत, अजून तशाच गुलाबी. आई एकदा म्हणाली होती, लाल धागा घालून खूण करून देते. कुणालाच ते नको होतं. सोडून बघितल्याशिवाय जुडी कुणाची ते कळत नाही, ते आम्हाला आता बरं वाटतं.

शेवटचा पेपर दुपारचा होता. सुटल्यावर मी गेटाबाहेर आलो आणि फोन चालू केला. अप्पांचा फोटो आलेला होता. पण त्यात पत्ता नव्हता. जुडी होती, सगळी एकत्र, गुलाबी पट्टीनं बांधलेली. खाली काही लिहिलेलं नाही. अप्पा लिहीत नाहीतच.

बांधलेली जुडी म्हणजे काय, ते मी वर सांगितलंय. खेळ संपला, माणूस उठला, आता पुढं म्हणायचं नाही. मी कडुनिंबाखालच्या कट्ट्यावर बसलो. पोरं पेपर कसा गेला विचारत होती, मी त्यांना बरा म्हणत होतो. मला वाटलं, ठरलं. पाऊस पडायच्या आत ठरवू म्हणाले होते, ठरलं. आता पेटी उघडायची, लुगडी काढायची, भांडी बांधायची आणि निघायचं. डोळ्यांपुढं पेटीवरचा तो चिंचोक्यांचा ढीग येत होता. फोन लावायचं धाडस होईना. समोर रसवंतीच्या चरकाचं घुंगरू वाजत होतं, त्याकडं बघत बसलो.

फोन त्यांचाच आला.

"पेपर कसा गेला?"

"बरा गेला, अप्पा."

मागं मागांचा आवाज नव्हता. कुठंतरी उघड्यावर उभे होते.

"जुडी बघितलीस?"

"बघितली."

"नरसय्याचा फोन आलता. त्या युनिटातनं होकार आलाय. उद्याच्या गाडीनं निघतोय मी."

मी कट्ट्यावरून उठलो आणि परत बसलो. व्हय एवढंच म्हणालो, तेही तिकडं ऐकू गेलं की नाही कोण जाणे. अप्पांना वाटलं फोन कटला. हॅलो हॅलो करून मग परत बोलायला लागले, नेहमीपेक्षा जरा सावकाश.

"आन् एक ऐक. होकार आला नसता तरी तुला मी हितं आणणार नव्हतो. ते कवाच ठरलं होतं. तुझी जुडी एवढं दिस खेळलो की मी. लई येळा वाटलं, मारावं, संपवावं. पण तिची घाई केली की ती मोडती. तुझं कॉलेज हाय तसं चालू दे." मग म्हणाले, "जुडी परवासासाठी बांधलीय, खेळ संपला म्हणून न्हाय. आईला सांग, पेटीवरचं चिंचोकं उचलू नगंस म्हणावं. मी आलो की फुडची चाल."